नाना, तुमचे तीन गज

नाना, तुम्हाला जाऊन आज सव्वीस दिवस झाले. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये असं सगळे सांगतात. मी बोलणार आहे. तुम्ही होतात तेव्हा नेमकं कशासाठी भांडायचं हेच मला ठाऊक नव्हतं. आता ठाऊक झालंय, तर तुम्ही नाही. म्हणजे भांडणातसुद्धा तुम्ही मला एकटीला सोडून गेलात.

तेराव्याचं जेवण उरकलं, पाव्हणेरावळे गेवराईच्या एस.टी.ला लागले, आणि मोठ्या आईनं मला आतल्या खोलीत बोलावलं. फडताळावरून ती काळी लांबट पेटी काढून माझ्या मांडीवर ठेवली. "घे. जाताना दोनदा म्हनले, पेटी पोरीला द्या म्हून." मी त्रेचाळीस वर्षांची बाई आहे नाना. गेवराईच्या शाळेत गणित शिकवते. पण तुमच्या घरात मी अजून पोरच. माझ्या वडिलांचे तुम्ही थोरले भाऊ, एका अंगणातली आपली दोन घरं, आणि तुम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे पोर म्हणजे मीच, दुसरं कुणी नाही, हे साऱ्या चकलांब्याला माहीत.

खरं सांगू? मला ती पेटी तिथंच ठेवून निघून यावंसं वाटलं. तीस वर्षं मला हात लावू दिला नाहीत आणि आता मेल्यावर देता? मोठ्या आईचं तोंड बघून उचलली, एवढंच.

तुम्ही विसरला नसाल, पण तरी सांगते. बारा-तेरा वर्षांची असताना तुम्ही मला वर्षभर व्हायोलिन शिकवलंत. तुमची शाळा सुटली, चहा झाला की ओसरीवर सतरंजी पडायची. मांडी घालून बसायचं, व्हायोलिनचं डोकं उजव्या पायाच्या घोट्यावर टेकवायचं, दुसरी बाजू खांद्याशी. गजाच्या केसांना राळ तुम्हीच घासायचात आणि मग गज माझ्या हातात द्यायचात. "केसाला बोट लावायचं न्हाई." का नाही? ते सांगायचं नाही. "सरळ वढायचा, वाकडा न्हाई." का? "सांगितलं तेवढं कर." तुमच्याकडं हुकूम भरपूर असायचे, कारण एकाचंही नसायचं. गावातल्या दोन पिढ्यांच्या वह्या तुम्ही लाल शाईनं रंगवल्यात, एक चुकलेली वेलांटी सोडली नाहीत. मला मात्र गज वाकडा गेला की नुसतं मनगट धरून सरळ करायचात, तोंडानं काही नाही.

आणि तरी ते वर्ष माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं वर्ष होतं. हे लिहिताना मला तुमचा रागच येतोय, पण ते होतं. माझा पहिला 'सा' धड लागला तेव्हा अंगणापलीकडून आई भाकरीचं पीठ माखल्या हातानं बाहेर आली होती. तुम्ही डोळे मिटून मान हलवलीत. त्या मान हलवण्यासाठी मी आठ-आठ दिवस घासत बसायची.

मग दिवाळीनंतर एक दिवस मी विचारलं, नाना, कधी बसायचं? आणि तुम्ही वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणालात, "तुझी बोटं आखूड हायत. हे तुझं काम न्हाई. अभ्यासाकडं बघ."

बस. संपलं. वर्षभराचं शिक्षण एका वाक्यात संपलं.

त्या वाक्याचं मी काय काय केलं ते तुम्हाला कुठून कळणार? वर्गात बाकावर हात ठेवून मी शेजारणीच्या बोटांशी माझी बोटं मापायची. बीडला कॉलेजात गॅदरिंगसाठी हार्मोनियम शिकवणारे सर आले, सगळ्या मैत्रिणींनी नाव दिलं, मी नाही दिलं. कुणी विचारलं तर मीच सांगायची, माझी बोटं आखूड आहेत. लग्नात बांगड्या भरणाऱ्या कासारणीनं हात दाबून म्हटलं, काय लांबसडक बोटं हायत गं नवरीची, तर मला वाटलं ती तोंडदेखलं बोलतेय. कासारणीवर नाही, तुमच्यावर विश्वास ठेवला मी.

मग तुमच्याशी मी वाकड्यातच बोलत राहिले. सणाला आले की टोमणा ठरलेला. "काय नाना, देवघरात ठेवा की ती पेटी, नाहीतरी वाजत तर नाही." तुम्ही हसायचात आणि विषय बदलायचात. कापूस कसाय, पाणी आलं का, जावईबापूंची तब्येत बरी का. त्या हसण्यानं माझ्या डोक्यात तिडीक जायची.

तर ती पेटी घेऊन मी बीडला गेले. विकायच्या विचारानं गेले होते, हेही ऐकून ठेवा. नेमकं काय आहे, कुठलं आहे, कुणाला उपयोगाचं आहे, ते कळावं म्हणून. बसस्टँडच्या मागच्या बोळात उस्मानचाचांचं वाद्यं दुरुस्त करायचं दुकान आहे. हार्मोनियम, तबले, कुणाची तुटकी सतार. चाचांनी पांढरं फडकं अंथरलं, पेटी उघडली आणि आधी नुसतंच नाक पुढं करून वास घेतला.

तुम्ही साऱ्या गावाला सांगायचात ना, आत चिठ्ठी आहे, विलायतेतल्या थोर कारागिराची? ग्रामपंचायतीत सांगायचात, तलाठ्याला सांगायचात, माझ्या लग्नात माझ्या सासऱ्यांना सांगितलंत. चाचांनी बॅटरी लावली, दातांच्या डॉक्टरकडं असतो तसला इवलासा आरसा आत घातला आणि हसले. "ताई, ह्या नावाच्या चिठ्ठ्या कारखान्यात गठ्ठ्यानं छापायचे. नाव वाचून वाद्य वळखायचं नसतं. लाकूड बघायचं." कुणावर तरी सूड उगवल्यासारखं मला बरं वाटलं. घ्या नाना, तुमची चिठ्ठी खोटी.

पण चाचा थांबले नाहीत. व्हायोलिन पालथं करून त्यांनी पाठीवरचे पट्टे उजेडात फिरवून दाखवले. कडेनं जी बारीक काळी रेघ असते ती रंगवलेली नव्हती, कोरून लाकडात बसवलेली होती. मान एकदा निखळून पुन्हा जोडलेली, पोटावर एक जुनी चीर, ती कुणा जाणत्यानं आतून सांधलेली. "जर्मनीकडचं हाय. कारखान्यातलं, पन हातानं केल्यालं. शंभरेक वर्साचं आसंल. थोर न्हाई, पन इमानदार हाय." मग गळपट्टीवर, जिथं बोटं दाबतात तिथं, त्यांनी नख फिरवलं. तारांखाली खोल चर पडले होते. "लई वाजवलंय की हो." मी म्हटलं, छे, तीस वर्षं बंद आहे. चाचांनी माझ्याकडं विचित्र पाहिलं.

मग गज. पहिला त्यांनी डोळ्यासमोर धरून एक डोळा मिटला. "हा हितलाच, साध्या लाकडाचा. शिकनाऱ्याला चालंल." दुसऱ्याची काठी डावीकडं वळलेली, मुठीवरचा शिंपला गळून पडलेला. "ह्याचं काही खरं न्हाई." तिसरा हातात घेतला आणि चाचा तो दाराच्या उजेडात घेऊन गेले. काठी आठ पैलू पाडलेली, गडद तांबूस, मुठीला चांदी, काळी पडलेली. एका बोटावर त्यांनी तो तोलून धरला. "ताई, हा गज त्या वायोलिनपेक्षा मोठ्या घरचा हाय. हे लाकूड समुद्रापलीकडचं. कुनीतरी जानकारानं निवडून दिलाय हा." त्यांनी तो आवळला, तारेवर ठेवला आणि ओढला.

आवाज नाही. नुसतं फस्स.

दुसरा ओढला. फस्स. पहिला. तेच. चाचांनी केस नाकाशी नेले आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "खोबरेल! तिन्हीला खोबरेल! कुनी केलं हे? गजाच्या केसाला तेल? अहो, बोटाचा घामसुद्धा लागू देत न्हाईत. राळ धरत न्हाई मग. केस नुसता घसरतो. मेला म्हना ना गज!"

मी त्या दुकानातल्या स्टुलावर बसले नाना.

खंडेनवमी होती. मी तेरा वर्षांची. घरातलं सगळं हत्यार धुऊन पुसून तेलाचा हात द्यायचं काम दरवर्षी माझंच. कोयते, खुरपी, विळे, कुऱ्हाड, आईचा अडकित्तासुद्धा. तुम्ही झेंडू आणायला गेवराईला गेला होतात. मला वाटलं, नानांचं हत्यार कुठलं? खडू तर काही धुता येत नाही. मी पेटी काढली. व्हायोलिन पुसलं. गज बघितले. लोखंडाला तेल लावतात, लाकडाला लावतात, आणि हे तर केस. माझ्या केसांना आई रोज सकाळी तेल चोपडते, मग या बिचाऱ्या केसांना कुणी कधी लावलंय? तुमचा नियम माझ्या पक्का लक्षात होता. बोट लावायचं नाही. म्हणून मी रानातल्या कापसाचा बोळा केला आणि त्यानं लावलं. बोट लागू दिलं नाही. एक केस सुटू दिला नाही. वर बारीक फणीनं विंचरले. तिन्ही गज पाटावर मांडले, हळदकुंकू वाहिलं आणि तुमची वाट बघत उभी राहिले.

तुम्ही आलात. पाटावर झेंडू ठेवलात. एक गज उचललात, तारेवर ठेवून एकदाच ओढलात. मग माझ्याकडं पाहिलंत. मी हसत होते, शाबासकी कधी मिळते म्हणून. आणि तुम्ही म्हणालात, "लई झ्याक चकाकायलेत गं. पन आज वाजवायचं नसतं. आज हत्यारांना सुट्टी."

मी खरं मानलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी विचारलं तर, तारा गंजल्यात. पुढच्या आठवड्यात विचारलं तर, हवा दमट हाय. आणि दिवाळीनंतर माझी बोटं.

मी चाचांना विचारलं, "मग हे आता कायमचं गेलं?" चाचा म्हणाले, "कायमचं कशाला? जुने केस कापायचे, नवे बसवायचे. आठ दिवसांचं काम. मी हैदराबादेत हेच शिकलो. चाळीस वर्सं झाली करायलोय." मग पेटीच्या कप्प्यात त्यांना तारांचं रिकामं पाकीट सापडलं. उलटं करून बघितलं. "हे तर माझ्या दुकानचं पाकीट. हे चकलांब्याच्या गुरुजींचं वाद्य का काय? उंचशे, टोपीवाले? दोन वर्साला तारा घेऊन जायचे. मी दरवेळी म्हनायचो, गुरुजी, गज बी दाखवा एकदा. तर म्हनायचे, गज झ्याक हायत."

नाना, तुम्ही त्या दुकानात उभे राहत होतात! त्याच लाकडी फळीपाशी, ज्या माणसाला ते काम येतं त्याच्यासमोर! पेन्शनीच्या कागदांसाठी बीडला यायचात, पेटी हातात धरून एस.टी.त बसायला काय झालं होतं? आठ दिवसांचं काम होतं. आठ दिवस! आणि तुम्ही माझी तीस वर्षं घालवलीत.

गज तिथं ठेवले आणि मी घरी न जाता सरळ चकलांब्याला आले. मोठी आई तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी चपलासुद्धा काढल्या नाहीत. "मोठे आई, गजाला मी तेल लावलं होतं ते तुला माहीत होतं?"

तिनं शेंगा बाजूला ठेवल्या. "व्हय," म्हणाली. "त्या राती जेवले न्हाईत ते. म्हनले, पोरीला सांगायचं न्हाई. एवढ्या मायेनं केलंय तिनं. कळलं तर परत कशाला हात लावायची न्हाई."

"मग केस बदलून का आणले नाहीत?"

"नेतो नेतो म्हनले. नवे केस आनले तर तू इचारशील, जुन्याला काय झालं. काय सांगावं त्येच्याच इचारात राहिले. अन् तू रोज पाठीस लागलीस. एक दिस तोंडातून गेलं ते बोटाचं. तू रुसलीस, आठ दिस बोलली न्हाईस. मग त्यास्नी वाटलं, आता पेटी काढली तर खोटं उघडं पडंल."

"माझं लग्न झालं, मी गेवराईला गेले, तेव्हा तरी?"

"मी म्हनलं तसं. आता बसवा की नवे केस, तुमच्यापुरतं तरी वाजवा. म्हनले, तिला न्हाई मिळालं, मी कसं वाजवू?" मोठ्या आईनं डोळ्याला पदर लावला. "पन वाजवायचे. दुपारचं दार लोटून घ्यायचे अन् त्याच तेलकट गजानं वाजवायचे. आवाज कुठला? नुसतं फस्स फस्स. मी म्हनायची, कशापायी घासायलाव? तर म्हनायचे, मला ऐकू येतंय."

मला वाटलं होतं हे ऐकून माझा राग जाईल. मोठ्या आईलाही तसं वाटलं असावं, ती माझ्या तोंडाकडं बघत होती. गेला नाही नाना. वाढला.

कोण मागत होतं तुमच्याकडं ही शिक्षा? तुम्ही स्वतःच गुन्हा ठरवलात, स्वतःच शिक्षा घेतलीत, आणि मला विचारलंसुद्धा नाहीत. दार लोटून मुक्यानं वाजवत बसलात, त्यात माझ्या वाट्याला काय आलं? मला तर फक्त आखूड बोटं आली. मी रडले असते, फार तर. एक दिवस, दोन दिवस. तेरा वर्षांच्या पोरी रडतात. मग आपण दोघं एस.टी.त बसून बीडला आलो असतो, चाचांनी केस कसे बसवतात ते मी बघितलं असतं, परत येताना तुम्ही मला भजी घेऊन दिली असतीत. एवढंच झालं असतं. चुकीनं माणूस मरत नाही नाना, तुम्ही मास्तर होतात, तुम्हाला हे माहीत असायला हवं होतं. मी रोज साठ पोरांच्या गणितांवर लाल रेघा मारते. दुसऱ्या दिवशी तीच पोरं हसत वही पुढं करतात.

आणि तुमच्या त्या मायेचं मी काय करू? ती नव्हती असंही म्हणता येत नाही. कुणी माझी चूक तीस वर्षं अशी पोटात घातली नव्हती. माझ्या आईनंही नाही. हे कळल्यापासून वर्गात फळ्याकडं तोंड करून मी दोनदा डोळे पुसलेत. पण माफ केलंय असं समजू नका. तुमच्या मायेनं मला जेवढं सांभाळलं तेवढंच नागवलंही. ही दोन्ही वाक्यं खरी आहेत आणि त्यांची बेरीज मला येत नाही.

चाचांनी पहिला आणि तिसरा गज तयार करून दिला. दुसऱ्याची काठी कामातून गेलीय, तो त्यांनी नुसता बांधून परत दिला. नवे केस पांढरेशुभ्र आहेत. राळ कशी घासायची ते मी विचारून घेतलं, किती घासायची तेही, आणि बोट का लावायचं नाही तेही. चाचांनी सगळ्याचं कारण सांगितलं. सांगायला त्यांना पाच मिनिटं लागली.

व्हायोलिन मी विकलं नाही. आज रविवार म्हणून चकलांब्याला आलेय. ओसरीवर सतरंजी घातलीय, मोठी आई खांबाला टेकून बसलीय. डोकं घोट्यावर टेकवलं तर गुडघा कुरकुरला. तारा कानानं मिळवल्या, त्या मला आल्या. गज ठेवला आणि ओढला.

आवाज आला नाना. मोठा आला. शेजारच्या घरातून कुणीतरी डोकावून गेलं. पण 'सा' चिरका लागतोय. मी चारदा, दहादा, वीसदा ओढून बघितला. गज सरळ जातोय, राळ नीट आहे, बोट मी जागेवरच ठेवलंय असं मला वाटतंय. तरी चिरका. कुठंतरी चुकतंय आणि कुठं ते मला कळत नाही. मोठ्या आईला विचारलं तर ती म्हणते, झ्याक वाजायलंय की.

झ्याक नाही वाजत. मला ऐकू येतंय. माझं काय चुकतंय नाना? रडू आलं तर येऊ दे, मी बघेन माझं. उठा आणि एकदा मला माझी चूक सांगा.